बागेतल्या तळ्याचा गाळ काढण्यासाठी कोणता व्हॅक्यूम घ्यावा?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरामागच्या बागेत चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर खोल असे कमळतळे आहे. तळाला शेततळ्याला वापरतात तोच ५०० मायक्रॉनचा कागद अंथरलेला असून कडेने नदीतले गोटे रचले आहेत. पाण्याची पातळी जमिनीपासून वीतभर खाली असते. कमळे आणि कुमुदिनी टबांत लावलेल्या आहेत, आणि पाण्यात गोल्डफिश, थोडे कोई आणि डासांसाठी सोडलेले गप्पी आहेत. तळ्याच्या पश्चिमेला जुना निंब आहे. त्याची सावली उन्हाळ्यात हवीशी वाटते, परंतु फाल्गुनात त्याची सगळी पाने तळ्यातच येतात.

आता तळाशी चार बोटे जाडीचा काळा गाळ साचला आहे. काठीने थोडा ढवळला तरी बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आजवर मोटर लावून पाणी उपसायचे आणि दोन माणसे उतरवून घमेल्याने गाळ काढायचा, अशी आमची पद्धत होती. मागच्या खेपेस फावड्याच्या कोपऱ्याने कागदाला चीर गेली, आणि बादल्यांत काढून ठेवलेले काही मासे दगावले. त्यामुळे पाणी पूर्ण न उपसता, मासे आत असतानाच गाळ ओढून घेणारे यंत्र घ्यावे असा विचार आहे.

दुकानदाराच्या मते १६०० वॉटचा ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर पुरेसा आहे. आंतरजालावर खास तळ्यांसाठी बनवलेले, एका टाकीचे आणि दोन टाक्यांचे व्हॅक्यूम दिसतात, पण त्यांची किंमत कित्येक पट आहे. शेजारच्या आबांचे म्हणणे असे, की मड पंप सोडला की काम झाले. ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझरेकडचा (धुळे)

गिरणाकाठभाऊ, तुम्ही तळ्याची मापे दिली आहेत, त्यामुळे आधी हिशेबच मांडतो. बारा चौरस मीटर तळ आणि त्यावर पाच सेंटिमीटर गाळ धरला, तरी तो ६०० लिटर होतो. नुसता गाळ कधीच ओढला जात नाही. त्याच्याबरोबर चार-पाच पट पाणी येते. म्हणजे एका सफाईत यंत्रातून सुमारे ३००० लिटर गढूळ पाणी जाणार आहे.

आता ओल्या-सुक्या व्हॅक्यूमची टाकी २० लिटरची समजा. ती दीडशे वेळा भरणार, दीडशे वेळा यंत्र बंद करावे लागणार, आणि दर वेळी २० किलोंहून अधिक वजन उचलून ओतावे लागणार. नळी पाण्यात बुडालेली असताना २० लिटरची टाकी भरायला पाव मिनिटही लागत नाही. मोटर चालण्यापेक्षा टाकी ओतण्यातच दिवस जातो. ही यंत्रे फरशीवर सांडलेले पाणी टिपण्यासाठी किंवा गाडीतली सीट धुण्यासाठी केलेली आहेत, आणि त्या कामात ती उत्तम आहेत. अंगणातल्या दगडी डोणीएवढ्या, म्हणजे दोन-तीनशे लिटरच्या कुंडाला ती चालतील. तुमच्या १२,००० लिटरच्या तळ्याला नाही.

वॉटच्या आकड्याने मात्र कृपया भुलून जाऊ नका. १६०० वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. नळीच्या तोंडाशी गाळ किती ओढला जाईल, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

केळीमळा (सावदा)

मड पंपाबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण आमच्याकडे शेततळ्यावर आणि विहिरीवर तो नेहमीच लागतो. पंप जिथे ठेवाल तिथला गाळ ओढतो, भोवती ताटाएवढी जागा स्वच्छ होते आणि त्यानंतर निव्वळ पाणी यायला लागते. गाळ आपणहून पंपाकडे वाहत येत नाही. माणसाने पाण्यात उतरून तो झाडूने पंपाकडे लोटावा लागतो, आणि वीज चालू असलेला पंप पाण्यात असताना त्याच पाण्यात माणूस उतरवणे हे कदापि करू नये. शिवाय अर्ध्या अश्वशक्तीचा पंपदेखील मिनिटाला शंभर-दीडशे लिटर पाणी फेकतो. तुमचे तळे दीड-दोन तासांत कोरडे होईल आणि बराचसा गाळ कागदावर तसाच राहील.

एक गोष्ट नव्या वाचकांसाठी स्पष्ट करतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. तिथे पंप, माणसे आणि उन्हाळ्यात कोरडे पडण्याची वाट पाहणे हेच मार्ग आहेत. बागेतल्या तळ्याचा व्हॅक्यूम तिथे कामाचा नाही. या धाग्यावरून कोणी शेततळ्यासाठी यंत्र मागवू नये, म्हणून लिहिले.

हतनूर रस्ता (भुसावळ)

मी यंत्रांच्या देखभालीच्या नोकरीत होतो आणि घरच्या तळ्यासाठी मी दोन टाक्यांचा व्हॅक्यूम वापरतो. निवड करताना मला जे महत्त्वाचे वाटते ते सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत नेमके तेच सांगितलेले नसते.

व्हॅक्यूम पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो टाकीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. संपूर्ण निर्वात करता आली, तरी समुद्रसपाटीला पाणी सुमारे १०.३ मीटरच चढते. व्हॅक्यूमची मोटर तेवढी निर्वात करू शकत नाही. चांगल्या यंत्रातही ती २० किलोपास्कलच्या आसपास असते, म्हणजे पाणी जास्तीत जास्त दोन मीटर चढते. त्या दोन मीटरला पोहोचेपर्यंत प्रवाह शून्यावर आलेला असतो. गाळासकट बरा प्रवाह हवा असेल, तर चढ एक ते सव्वा मीटरच्या आत ठेवावा.

हा चढ कुठून कुठपर्यंत मोजायचा, यात बहुतेकांची गफलत होते. तो तळ्याच्या तळापासून मोजायचा नाही. नळी पाण्यात बुडालेली असते, तेव्हा बाहेरचे पाणी आतल्या पाण्याला तोलून धरते. मोजायचे ते पाण्याच्या पृष्ठभागापासून यंत्राच्या तोंडापर्यंतचे, किंवा मध्ये नळी आणखी उंचावरून जात असेल तर तिथपर्यंतचे उभे अंतर. तुमचे पाणी जमिनीखाली वीतभर आणि यंत्राचे तोंड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, म्हणजे एकूण चढ पाऊण मीटर झाला. तुमच्या बाबतीत ओढण्याची अडचण नाही. ज्यांचे तळे खोल खड्ड्यात आहे आणि काठ पाण्यापासून पुरुषभर उंच आहे, त्यांनी व्हॅक्यूमचा विचार करण्यापूर्वी यंत्र खाली पाण्याजवळ ठेवण्याची पायरी बांधता येईल का ते पाहावे.

दुसरी गोष्ट टाकीची. एका टाकीच्या यंत्रात टाकी भरली की तरंगता गोळा हवेचा मार्ग बंद करतो, मोटर आपोआप थांबते, खालची झडप पाण्याच्या वजनाने उघडते आणि पाणी वाहून गेले की मोटर पुन्हा सुरू होते. म्हणजे थोडा वेळ ओढणे आणि थोडा वेळ थांबणे असे चालते. थांबण्याच्या वेळात नळीतले गाळाचे पाणी उलटे तळ्यात येते आणि नुकताच साफ केलेला भाग गढूळ होतो. या यंत्राचा माझ्या मते हाच सर्वांत मोठा दोष आहे. वेळ जातो त्याचे एवढे वाटत नाही, पण गढूळ पाण्यात आपण कुठवर आलो ते दिसेनासे होते आणि मग अंदाजाने नोझल फिरवावे लागते. दोन टाक्यांच्या यंत्रात एक टाकी भरत असताना दुसरी रिकामी होत असते, त्यामुळे ओढ तुटत नाही. नोझलाला जोडलेल्या पारदर्शक नळीच्या तुकड्यात काळा गाळ सरकताना सलग दिसतो. तो करडा झाला, मग पाणी निवळले, की हात पुढे न्यायचा. इतक्या सावकाशीने काम केले तर शेजारी पोहणारा मासाही बिचकत नाही.

ओआझे या जर्मन कंपनीच्या पाँडोव्हॅक मालिकेत ‘क्लासिक’ हे एका टाकीचे आणि ‘पाँडोव्हॅक ४’ हे दोन टाक्यांचे यंत्र आहे. इतर कंपन्याही अशी यंत्रे करतात. नाव कोणतेही असो, घेण्यापूर्वी ते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे आहे याची खात्री करा. अमेरिकेतल्या दुकानांतून मागवलेली यंत्रे १२० व्होल्टची असतात.

तिसरी गोष्ट गढूळ पाणी बाहेर सोडण्याची, आणि तुमच्या बागेचा खरा प्रश्न मला तिथेच दिसतो. बहुतेक यंत्रांतून पाणी बाहेर पडते ते केवळ उताराने. बाहेर सोडण्याची नळी टाकीच्या तळापेक्षा खाली गेली पाहिजे आणि मध्ये कुठेही चढता कामा नये. सपाट अंगणात यंत्र जमिनीवरच ठेवले, तर टाकी पूर्ण रिकामी होत नाही आणि ओढ मंदावते. तुमच्या बागेला उतार किती आणि कोणत्या बाजूला आहे, ते कृपया कळवा.

गिरणाकाठ (भडगाव)

हतनूर रस्ता यांचे मनापासून आभार. इतके नेमके कोणत्याच दुकानात कळले नाही.

बाग सपाटच म्हणावी लागेल, परंतु पूर्वेला साधारण दहा मीटरवर लिंबू-पेरूची वाफ्यांची जागा आहे आणि ती तळ्याच्या काठापेक्षा हातभर खाली आहे. तिथपर्यंत नळी लांबवली तर चालेल का?

हतनूर रस्ता (भुसावळ)

नळी लांबवू नका. यंत्राबरोबर मिळणारी बाहेरची नळी दोन-अडीच मीटरची असते, कारण लांब नळीत घर्षणामुळे टाकी सावकाश रिकामी होते आणि दोन टाक्यांच्या यंत्राचा ताल बिघडतो. त्याऐवजी यंत्र दोन विटांच्या थरावर उचलून ठेवा, नळीचे तोंड एका पसरट घमेल्यात सोडा आणि तिथून वाफ्यांपर्यंत दांड काढा. आपल्याकडे मळ्यात दांडाने पाणी देणे काही नवीन नाही. दांड नको असेल तर चार इंची पीव्हीसी पाइप मधोमध चिरून पन्हळीसारखा ठेवला तरी भागते. विटांमुळे चढ अर्ध्या फुटाने वाढेल, पण तुमच्याकडे तेवढी सवड आहे.

ज्यांचे अंगण तळ्यापेक्षा कोणत्याच बाजूला खाली नाही, त्यांनी पाणी बाहेर फेकणारा पंप यंत्रातच बसवलेला आहे असे मॉडेल घ्यावे. ते महाग पडते, पण तिथे दुसरा इलाज नाही.

तारेवरचा (अमळनेर)

विजेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. १४०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेते. भिंतीवरचा साधा ६ अँपिअरचा पॉइंट त्याला अपुरा आहे. गीझरला लावतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. बागेपर्यंत वायर ओढायची असेल तर ती अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची वायर असावी आणि तिच्यातली अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडलेली असावी. रोलवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापते.

पाण्याच्या काठावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर मी कोणालाही यंत्र सुरू करू देणार नाही. एमसीबी असला म्हणजे झाले, असे पुष्कळ लोक समजतात. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. यंत्र तळ्यापासून किमान दोन मीटर दूर ठेवा आणि तेवढी नळी लांब आहे ना, ते खरेदी करतानाच पाहा. यंत्र चालू असताना कोणीही पाण्यात हात किंवा पाय घालू नये.

आपल्या भागात, विशेषतः गावाच्या शेवटच्या डीपीवर, दुपारी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. तेव्हा अशा मोटरचा जोर बराच घटतो आणि लोक यंत्राला दोष देतात. सकाळी लवकर काम करावे, तेव्हा दाब बरा असतो. घरच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवण्याचा प्रयत्न करू नये.

रानजाई (शहादा)

दादा, यंत्राची चर्चा चांगली चालली आहे, पण तळ्यातल्या जिवांसाठी यंत्राइतकीच सफाईची वेळ महत्त्वाची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तळातला काळा गाळ म्हणजे प्राणवायूवाचून कुजलेली पाने, विष्ठा आणि उरलेले खाद्य. तो ढवळला गेला की त्यातला हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतो आणि कुजके द्रव्य पाण्यातला प्राणवायू झपाट्याने खाऊन टाकते. त्यात पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि ३५ अंशांना जेमतेम ६.९. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उथळ तळ्याचे पाणी दुपारी हाताला कढत लागते. अशा दिवसांत गाळ ढवळला तर दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून आ वासताना दिसतात, आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

म्हणून खानदेशात माझ्या मते सफाईचे दोनच काळ योग्य आहेत. एक, निंबाची पानगळ संपल्यावर, उन्हे फार तापण्याआधी, म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे. पानगळ चालू असताना व्हॅक्यूम लावण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत तळ्यावर जाळी ताणावी किंवा रोज हातजाळीने पाने काढावीत, कारण वर तरंगणारे पान काढणे सोपे असते आणि त्याचाच पुढे गाळ होतो. दुसरा काळ दसरा-दिवाळीच्या मधला, जेव्हा पावसाने वाहून आणलेली माती तळाशी बसलेली असते. थंडीत कमळाची पाने वाळतात आणि कंद विसावा घेतात. पाडव्याच्या सफाईआधी माघाच्या अखेरीस टब बाहेर काढून कंद वेगळे करून घेतले, तर दोन्ही कामे नीट होतात.

सगळा गाळ एका दिवसात काढू नका. तळ्याचे पाणी निवळ ठेवणारे जिवाणू दगडांवर, टबांच्या बाहेरच्या अंगावर आणि फिल्टरमध्ये वसतात. दगड घासून पांढरे केले तर तेही जातात आणि मग अमोनिया वाढून मासे आजारी पडतात. अर्धे तळे आज, अर्धे दोन-तीन आठवड्यांनी, अशा रीतीने करावे. एकाच वेळी पाव हिश्शाहून जास्त पाणी जाऊ देऊ नये. पांझरेकडच्या दादांनी काढलेले ३००० लिटर म्हणजे नेमका पाव हिस्सा होतो, तेव्हा दोन टप्प्यांत काम करणे उत्तम.

भरतीचे पाणी नळाचे असेल तर त्यात क्लोरीन असते. एका टाकीत एक दिवस उघडे ठेवून हवेचा पंप सोडला की ते बहुतांशी उडून जाते. बोअरचे असेल तर क्लोरीनची भीती नाही, परंतु ते जड असते आणि त्यात विरघळलेला प्राणवायू थोडा असतो. म्हणून ते तळ्यात कारंज्यासारखे उंचावरून पडू द्यावे.

चोपड्याचा शेजारी (चोपडा)

आमचे तळे विटांचे, जमिनीच्या वर कंबरभर बांधलेले आहे. तिथे व्हॅक्यूमची गरजच पडली नाही. दीड इंची पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्यायची, खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह, वरच्या टोकाला हातभर पीव्हीसी पाइप. व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपसूक वाहते, आणि पाइपचे तोंड तळावर फिरवत गेले की गाळ निघतो. वीज नाही, आवाज नाही. फक्त व्हॉल्व्ह अर्धाच उघडावा, नाहीतर सेकंदाला दीड-दोन लिटर पाणी जाते आणि पाहता पाहता तळे निम्मे होते. ज्यांचे तळे उंचावर आहे, त्यांनी आधी हे करून पाहावे.

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांचे आभार. आमचे तळे जमिनीत असल्यामुळे चोपड्याच्या शेजाऱ्यांचा सोपा मार्ग आम्हाला लागू पडत नाही, हातभर उतारावर तो फारच मंद चालेल. आणखी एक विचारायचे होते. परदेशी बागकामाच्या दुकानांत नळाच्या पाण्यावर चालणारा, मोटर नसलेला तळे-व्हॅक्यूम दिसतो. तो स्वस्त आहे. त्याबद्दल कोणाला माहिती आहे का?

केळीमळा (सावदा)

त्याचे तत्त्व आपल्या मळ्यातल्या खताच्या व्हेंचुरीचेच आहे. दाबाचे पाणी अरुंद जागेतून जोराने नेले की तिथला दाब उतरतो आणि बाजूच्या नळीतून दुसरा द्रव ओढला जातो. ठिबकवर आपण खत ओढतो, तिथे गाळ ओढतात.

मात्र त्याला नळाचा दाब चांगला, साधारण पावणेतीन बार लागतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा सहा मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.६ बार मिळतो. आपल्या गावांत नळाला पाणी दोन-तीन दिवसांनी येते आणि तेही घरची मोटर लावून भरावे लागते. व्हेंचुरीसारखेच आहे म्हणून ठिबकच्या पंपावर चालवता येईल, पण मग मोटर आलीच, आणि गाळ ओढण्यासाठी चांगले पाणी खर्ची पडते ते वेगळे. खानदेशात उन्हाळ्यात असे पाणी घालवणे मला पटत नाही.

ठिबकच्याच संदर्भात सांगतो, गाळाचे पाणी गाळून परत तळ्यात सोडण्यासाठी कोणी जाळी फिल्टर किंवा डिस्क फिल्टर वापरू नये. पानांच्या लगद्याने तो बघता बघता चोंदतो.

पांझरेकडचा (धुळे)

पाणी परत सोडण्याचा विषय निघाला म्हणून. व्हॅक्यूमबरोबर जाळीची पिशवी येते. ती पाने, काड्या आणि जाड लगदा धरते. आपली काळी माती इतकी बारीक असते, की ती पिशवीतून सरळ निघून जाते. म्हणून पिशवीतून गळलेले पाणी तळ्यात परत सोडू नये, झाडांना द्यावे. पिशवीचा खरा उपयोग वेगळा आहे. ओढला गेलेला एखादा गप्पी, बेडकाचे पिल्लू किंवा गोगलगाय तिच्यात सापडते आणि परत सोडता येते. त्यासाठी ती पिशवी पाण्याच्या टबात लोंबकळत ठेवावी आणि मधून मधून पाहावी.

शाडूची गणेशमूर्ती किंवा भुलाबाई घरच्या तळ्यात विसर्जित करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. शाडू फार बारीक असतो, व्हॅक्यूम जवळ नेला की ढगासारखा उठतो आणि दिवसेंदिवस खाली बसत नाही. माशांच्या कल्ल्यांनाही तो त्रासदायक असतो. विसर्जन वेगळ्या बादलीत करून ते पाणी तुळशीव्यतिरिक्त इतर झाडांना घालावे. मूर्तीची माती पायदळी जाणार नाही, एवढे पाहिले की मनालाही खटकत नाही.

वाचक (नंदुरबार)

जिवाणूंचे तयार द्रावण टाकले की गाळ आपोआप नाहीसा होतो, असे वाचले. मग यंत्र कशाला?

रानजाई (शहादा)

पानांचा आणि विष्ठेचा भाग ते काही प्रमाणात कुजवतात, तेही पाण्यात हवा चांगली खेळती असेल तरच. माती आणि धूळ ते खाऊ शकत नाहीत. आपल्याकडे वावटळींतून जेवढी धूळ तळ्यात पडते, ती हाताने किंवा यंत्रानेच काढावी लागते. सफाई झाल्यावर पुढचा गाळ सावकाश साचावा म्हणून द्रावण वापरायला हरकत नाही. ब्लीचिंग पावडर मात्र मासे असलेल्या पाण्यात चिमूटभरही टाकू नये.

गिरणाकाठ (भडगाव)

घरात आणि शेजारी चर्चा झाली. आमच्या वसाहतीत आणखी तीन घरांत अशी तळी आहेत. आम्ही चौघे मिळून दोन टाक्यांचे, २३० व्होल्टचे, पाच मीटर नळी असलेले यंत्र घेण्याचे ठरवले आहे. वर्षातून दोनदाच लागणारी वस्तू प्रत्येकाने वेगळी घेण्यात अर्थ दिसला नाही. बागेत १६ अँपिअरचा पॉइंट आणि आरसीसीबी येत्या आठवड्यात बसवून घेत आहोत. गोट्यांच्या फटींसाठी अरुंद आणि कागदावर फिरवण्यासाठी ब्रश असलेले रुंद, अशी दोन्ही तोंडे यंत्राबरोबर येतात हे विचारून घेतले आहे.

आता दोन शंका उरल्या. एकच यंत्र चार तळ्यांत फिरवल्याने काही अपाय होईल का? आणि निघालेला गाळ थेट लिंबाच्या आळ्यात टाकला तर चालेल का?

रानजाई (शहादा)

यंत्र सामायिक घेतले हे फार चांगले केले. एका तळ्यातले रोग, परजीवी आणि गोगलगायींची अंडी नळीच्या ओलाव्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. म्हणून प्रत्येक सफाईनंतर नळी, नोझल, पिशवी आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुऊन अंगणात पूर्ण वाळवावी. नळी सरळ, एका टोकाला उंच करून ठेवावी, नाहीतर वळणात पाणी साचून राहते. मोटर आणि वायर मात्र उन्हात ठेवू नये. पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र दुसऱ्या घरी देऊ नये, एवढा नियम चौघांनी पाळावा. एखाद्या तळ्यात मासे आजारी असतील तर ते तळे सर्वांत शेवटी घ्यावे.

केळीमळा (सावदा)

गाळ उत्तम खत आहे, पण ताजा गाळ झाडाच्या बुंध्याशी जाड थरात घालू नका. तो वाळून कडक पापुद्रा होतो आणि पाणी मुरू देत नाही. पातळ पाणी दांडाने वाफ्यांत जाऊ द्यावे. पिशवीतला जाड लगदा चार-सहा दिवस उन्हात पसरून, फोडून, शेणखतात मिसळून आळ्याच्या कडेने द्यावा.

दोन अपवाद आहेत. माशांच्या आजारासाठी तळ्यात मीठ टाकलेले असेल तर ते पाणी झाडांना देऊ नये. आणि शेवाळासाठी कधी मोरचूद वापरला असेल, तर त्यातले तांबे गाळातच बसलेले असते. तसा गाळ भाजीपाल्याला घालू नये. मोरचूद मासे आणि गोगलगायींनाही घातक आहे, तो शेवाळासाठी वापरणे बागेतल्या तळ्यात टाळलेलेच बरे.

हतनूर रस्ता (भुसावळ)

शेवटी वापराबद्दल थोडे. सफाईच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नका आणि हवेचा पंप रात्रीपासूनच चालू ठेवा. सुरुवात उथळ कडेपासून करून खोल भागाकडे जा, आणि नोझल झाडूसारखे पुढेमागे ओढू नका, टेकवून थांबा आणि मग पुढे सरकवा. टबांतल्या मातीजवळ नोझल नेऊ नका, ती क्षणात ओढली जाते आणि कंद उघडे पडतात. टब आदल्या दिवशीच एका बाजूला सरकवून ठेवलेत, तर त्यांच्याखाली दबलेला गाळही पहिल्याच टप्प्यात निघेल.